पाठमोरे सर्व्हरकाका

सर्व्हरकाका म्हटलं की मला आधी त्यांची पाठ आठवते, चेहरा नंतर. आपला मेल अडकला म्हणून आपण बोंब मारायची, काकांनी येऊन आपल्या खुर्चीत बसायचं, चार बटणं दाबायची आणि म्हणायचं, "टाक आता तुजा पासवर्ड." एवढं बोलून ते उठायचे आणि चक्क भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. नुसती मान वळवली, डोळे किलकिले केले, असलं अर्धवट काम नाही. दोन्ही हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे, नाक भिंतीला टेकेल इतके जवळ. "झालं का गो?" "झालं काका." "नक्की?" मग कुठे वळायचे.

मी पेणच्या ऑफिसात नवीन लागले तेव्हा हा प्रकार बघून मला हसूच आवरेना. माझ्या जिभेला तसंही हाड नाही. मी विचारलं, "अहो काका, मी काय कपडे बदलतेय का?" काका भिंतीशीच बोलले, "तसंच समज." मी मुकाट्याने पासवर्ड टाकला.

आमची कंपनी रंगाची. कारखाना रोह्याला, ऑफिस पेणला. मोठ्या शेठनी उभी केलेली. माल बाहेर पाठवायचं काम, म्हणजे डिस्पॅच, माझ्याकडे. काका कासूहून सकाळच्या गाडीने यायचे. घरची भातशेती, त्यावर वाल. पण तरुणपणी पनवेलला जाऊन संगणक शिकून आलेले, आणि आमच्या कंपनीचा मेलचा सर्व्हर त्यांनी स्वतः बसवलेला. बाकीचे कारखानदार तेव्हा बाहेरचा फुकटचा मेल वापरायचे. काकांना त्याचा भयंकर तिटकारा. "फुकट धर्मशाळेत कोन बायको-पोरांना ठेवतो का? आपलं टपाल आपल्या घरात पायजे. कुलूप आपलं, चावी आपली." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

बरं, हे घरचं टपाल काही सुखाचं नव्हतं हो. वीज गेली की काका धावणार. पाऊस लागला की काका रजा घेणार नाहीत. आमचे मेल समोरच्या कंपनीच्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडायचे आणि काका त्यांच्या माणसाला फोनवर समजवायचे, "सायेब, आम्ही चांगली लोकं हाव." सर्व्हरच्या खोलीत बारा महिने एसी. मे महिन्यात सगळं पेण घामाने निथळत असायचं आणि काका बिनबाह्यांच्या स्वेटरमध्ये. बस स्टँडवर लोक वळून वळून बघायचे. सर्व्हर जुना झाला, नवीन आणला, तरी स्वेटर तोच राहिला.

त्या नवीन सर्व्हरचं आम्ही बारसं केलं होतं. हसू नका, खरंच केलं होतं. त्या यंत्राची जी मुख्य चावी असते, म्हणजे सगळ्या खोल्या उघडणारा एक पासवर्ड, तो काकांना मोठ्या शेठना सांगून ठेवायचा होता. "उद्या मी गाडीखाली आलो तर कंपनी बंद पडायला नको," असं त्यांचं म्हणणं. शेठ म्हणाले, "लिहून द्या." काका म्हणाले, "लिहायचं नाय. लिवलं की संपलं. कानात सांगतो." झालं! हे ऐकल्यावर आम्ही बायका कसल्या गप्प बसतोय? रंजना माझ्या शेजारच्या टेबलावर बिलं करायची, ती ओरडली, "अगं हे तर बारसं!" कोणीतरी सर्व्हरला हळद-कुंकू लावलं, कोणी घुगऱ्या करून आणल्या. काका शेठच्या कानाशी वाकले आणि आम्ही सगळ्याजणींनी 'कुर्रर्र' करून त्यांच्या पाठीवर हे धपाटे घातले. शेठ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काका पाठ चोळत म्हणाले, "मेल्यांनो, आत्या मी, बाळ शेठ, आन् मार मला." तो दिवस आठवला की आजही आधी हसू येतं आणि लगेच विरतं. का, ते सांगते.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात रोह्याला कुंडलिकेचं पाणी कारखान्यात शिरलं. तिथला संगणक बुडाला आणि त्यावर उतरवून ठेवलेले कारखान्यातल्या सगळ्यांचे मेल गेले. ऑर्डरी गेल्या, करार गेले, सगळं मुसळ केरात. काका तीन दिवस जेवले नाहीत म्हणे. मग त्यांनी पेणच्या सर्व्हरवर एक सोय केली. कंपनीतून जाणाऱ्या आणि कंपनीत येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत आपोआप एका जागी जाऊन पडायची. त्या जागेला ते 'पेटारा' म्हणायचे. पुन्हा पूर आला, यंत्र बुडालं, तर पेटाऱ्यातून सगळं परत काढता यावं, एवढाच हेतू. पेटारा त्याच मुख्य चावीने उघडायचा. काकांनी तो कधीच उघडला नाही. "पूर आला नाय, मग कशाला उघडू?" इतका साधा हिशेब.

दुसऱ्याच्या मेलकडे बघायचं नाही, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आमच्या पेणला गणपतीच्या दिवसांत गल्लोगल्ली लोक कारखान्यातून मूर्ती घेऊन जाताना दिसतात. मूर्तीच्या तोंडावर रुमाल असतो. घरी पाटावर बसेपर्यंत तो काढायचा नाही. कोणी मेल उघडा टाकून जेवायला गेलं, तर काका तसाच आपला धुतलेला रुमाल पडद्यावर टाकायचे. आपण परत येऊन बघावं तर पडद्यावर निळ्या चौकड्यांचा रुमाल. "ज्याच्या घरचा देव, त्यानी तोंड बगायचं," म्हणायचे. आणि रुमाल घडी करून खिशात.

असा माणूस. मोठे शेठही तसेच, त्यांना संगणक सुरू करता येत नव्हता, ही गोष्ट वेगळी. ते आजारी पडले आणि गेले. धाकटे शेठ पुण्याहून शिकून आलेले, त्यांच्या खुर्चीवर बसले. माणूस वाईट नाही हो, हे मी आधीच सांगून ठेवते. आवाज चढवून बोलणार नाहीत. बायकांना ताई म्हणणार. दिवाळीला सगळ्यांच्या घरी स्वतः येणार. आणि काय आश्चर्य, त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असायचं! कोणाच्या मुलाचं ॲडमिशन अडलंय, कोण डोलवीच्या प्लांटमध्ये नोकरी बघतोय. "किती लक्ष आहे बाई ह्यांचं!" असं रंजना म्हणायची. मीही म्हणायचे.

मग त्या हिवाळ्यात मला छातीत गाठ लागली.

माझे बाबा कर्करोगानेच गेले. आईने ते सगळं पाहिलं, उचललं, धुतलं. त्यामुळे पक्कं काही कळेपर्यंत आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी आधीचे रिपोर्ट मेलवर मागवले. आता आमच्या घरात मोबाइल म्हणजे चव्हाट्यावरचा नळ. आई त्यावर कीर्तन ऐकते, भाचे गेम खेळतात, वहिनी तिच्या माहेरी बोलते. माझी अशी एकच जागा होती, ऑफिसचा मेल. तिथे माझं नाव होतं, माझा पासवर्ड होता, आणि तो टाकताना काकासुद्धा भिंतीकडे बघायचे. ह्याहून सुरक्षित जागा रायगड जिल्ह्यात दुसरी नाही, अशी माझी खात्री. मी सगळं लिहिलं. गाठ कुठे आहे, किती आहे, दुखते का. बाबांचं लिहिलं. रात्री झोप लागत नाही, भीती वाटते, हेही लिहिलं. तपासणीसाठी तुकडा काढला आणि रिपोर्ट यायला वेळ लागेल असं कळलं, तेही मेलवरच.

दोन दिवसांनी धाकट्या शेठनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. समोर बसवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मनीषाताई, घाबरू नका. अशा गाठी बहुतेक साध्याच असतात. माझ्या मामीलाही होती."

मी कप खाली ठेवला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, कंपनी म्हणजे कुटुंब. कळतं." मग बिस्किटांची बशी पुढे सरकवत म्हणाले, "मी विचार केला, तुम्हाला आता धावपळ नको. डिस्पॅच रंजनाताईंकडे देऊ. तुम्ही सावकाश काहीतरी हलकं काम बघा."

मी उठले कशी, बाहेर आले कशी, देव जाणे. अंगावरचा पदर भर रस्त्यात कोणीतरी ओढावा आणि वर म्हणावं, ताई, ऊन लागेल हो, तसं झालं. डॉक्टरीणबाई सांगणार नाहीत. मी सांगितलं नाही. उरला कोण? सरळ सर्व्हरच्या खोलीत गेले आणि दार आपटलं.

"काका, माझे मेल वाचलेत तुम्ही?"

काका स्वेटरात बसून डबा सोडत होते. "कसले मेल?"

"नाटकं करू नका! भिंतीकडे तोंड करायचं सोंग, आणि मागून सगळं वाचायचं? माझ्या छातीतल्या गाठीची खबर शेठला कोणी दिली?"

गाठ शब्द ऐकला आणि काकांचा हात डब्यावरच राहिला. त्यांचा चेहरा असा उतरला, की मी ओरडत होते ती थांबले. ह्या माणसाला आत्ता, माझ्या तोंडून कळत होतं. त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाले, "कोना कोनाला म्हायती होतं?"

"मला आणि डॉक्टरांना."

ते यंत्राकडे वळले. आत कोण कधी आलं ते यंत्राला विचारता येतं म्हणे. ते काहीतरी टाइप करत गेले, पडदा सरकत गेला आणि काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पेटारा," म्हणाले. "रोज सकाळी उघडलाय गो. रोज. सायेब चहा घेतात त्या टायमाला. वर्सभर चाललंय. आन् मी हितं, भिंतीपलीकडं बसलेलो."

"आणि तुम्ही एवढ्या दिवसांत बघितलं नाहीत?"

"बाहेरून कोन घुसतो तेच बगत बसलो. आतून कोन येतो कशाला बगू? आत आपलीच मानसं." मग एकदम त्यांनी आपलाच हात आपल्या कानावर ठेवला. "चावी मीच दिली. कानात मीच सांगितली. मोठ्या शेठनी जाताना पोराला सांगितली असनार. घर सोपवताना मानूस सांगतोच नं."

माझ्या डोळ्यांसमोर ते बारसं आलं. अरे देवा! आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या सगळ्यांच्या घरांची चावी एका माणसाच्या कानात जात होती आणि आम्ही हसत होतो. त्याचा अर्थ काय, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. शेठ चांगला आहे ना, मग झालं! शेठ बदलतात, हे कोणाला सुचणार?

"आज तू काय बोलू नको," काका म्हणाले. "उद्या मी बोलतो सायबांशी."

पण उद्यापर्यंत थांबायची सोयच राहिली नाही. संध्याकाळी घरी गेले तर ओट्यावर फळांची ही मोठी करंडी, आणि आई तिच्यासमोर नुसती बसलेली. "शेठच्या ड्रायव्हरने आणून दिली," म्हणाली. "म्हणाला, ताईंच्या तब्येतीसाठी. मनी, तुला काय झालंय गो?" मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण आईने माझा हात धरला आणि बाबांच्या वेळी जशी बघायची तशी बघायला लागली. सांगावंच लागलं. आई रडली नाही. उठली, करंडी उचलून दाराबाहेर ठेवली, आणि बाबांच्या फोटोपाशी जाऊन भिंतीला टेकून बसली. मला शेठचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. एखाद्याने वाईटपणाने केलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. हा माणूस चांगलं करत होता!

दुसऱ्या दिवशी काका आणि मी एकत्रच केबिनमध्ये गेलो. काकांनी स्वेटर काढून ठेवला होता, त्यामुळे ते कोणी वेगळेच दिसत होते. शेठनी काहीही नाकारलं नाही. उलट त्यांनाच धक्का बसला, की आम्हाला ह्यात खटकलं काय! "काका, मशीन कंपनीचं, वीज कंपनीची, मेलचा पत्ताही कंपनीचा. मी घरातलंच वाचतोय. हेच बाहेर ठेवलं असतं तर परक्याने वाचलं असतं. तुम्हीच म्हणता ना, आपलं टपाल आपल्या घरात?"

काकांचं वाक्य काकांच्याच तोंडावर फेकलं. काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "सायेब, पेटारा पुरासाठी होता."

"पण बनवलात तुम्हीच. चावी दिलीत तुम्हीच."

"व्हय. मीच." काका म्हणाले. "म्हनून सांगतो. घर तुमचं, पन आत रानारी मानसं हाएत. भाडेकरूच्या खोलीत मालक रोज सकाळी जाऊन बसतो का? बरं, वाचायचं तर वाचा. फकस्त सगळ्यांना एकदा सांगा, की मी वाचतो."

शेठ हसले. खरंच हसले. "काका, सांगितल्यावर लोक खरं कशाला लिहितील?"

मला वाटतं, आपण काय बोलून गेलो ते शेठना अजूनही कळलेलं नसेल. मी मात्र उभी राहिले. म्हटलं, "शेठ, गाठ माझी आहे आणि डिस्पॅचही माझं आहे. दोन्हींचं काय करायचं ते मी ठरवीन. आणि आमच्या घरी पुन्हा फळं पाठवू नका." आवाज खणखणीत निघाला, त्याचं माझं मलाच बरं वाटलं.

बाहेर आल्यावर मी काकांना म्हटलं, "पुसून टाका तो पेटारा! आत्ताच्या आत्ता! चावी तुमच्याकडे पण आहे ना?" काका म्हणाले, "नाय. यंत्र त्यांचं. रागानी दुसऱ्याच्या घराला काडी लावायची नाय." "मग काय, गप्प बसायचं?" "गप तरी कोन बसतंय?" एवढंच बोलले आणि आपल्या खोलीत गेले.

त्या रविवारी काकांच्या शेतावर पोपटी होती. दर थंडीत असायची. पेण, रोहा, दोन्हीकडची माणसं कासूला उतरायची. आमच्याकडची पोपटी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कांदे-बटाटे भरायचे, पाल्यानेच तोंड बंद करायचं, मडकं शेतात उपडं घालायचं आणि वरून पेंढा पेटवायचा. मोठे शेठ असताना ते पोत्यावर मांडी घालून बसायचे. धाकटेही आले होते. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती.

उन्हं उतरली होती. जाळ बसला, काकांनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र आवाज आला. म्हणजे झाली. सगळे पुढे सरकले. काका मडक्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मडकं उघडायच्या आदी एक सांगायचंय."

काकांनी सगळं सांगितलं. पेटारा काय, तो कशासाठी केला, चावी कोणाला दिली, आता कोण उघडतं. "तुमी जे जे लिवलंत, आलं-गेलं, सगळं वाचलं जातं. सायबांचं चुकलं का बरोबर, ते तुमी ठरवा. माजं चुकलं. मी चोर बाहेर शोधला आन् घराला आतून कड्या लावायचं इसरलो." माझ्या गाठीचं नाव त्यांनी काढलं नाही. हे कळलं कसं, ह्याचं अवाक्षर नाही.

पेंढ्याची राख तेवढी वाऱ्याने उडत होती. रंजनाने तोंडावर हात ठेवला होता. रोह्याचे सुपरवायझर, एवढा धिप्पाड माणूस, त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "सगळं म्हणजे... पूर्वीचं पण?" काका म्हणाले, "पूर्वीचं पन." ते मटकन बांधावर बसले. त्यांनी काय लिहिलं होतं मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. कोणीतरी उसन्या अवसानाने म्हणालं, "जाऊ दे, आपल्याला काय लपवायचंय?" पण ते म्हणतानाच त्याची मान खाली गेली. जो तो मनात आपापले मेल उलगडत होता. नवऱ्याची तक्रार, बहिणीचं मोडलेलं लग्न, दुसरीकडे टाकलेला अर्ज. आणि मग एकेकाला आठवायला लागलं, शेठनी केव्हा, काय, किती प्रेमाने विचारलं होतं ते. एकेकाचा चेहरा पडताना मी पाहत होते.

शेठ उठले. "हे बरं नाही केलंत काका," म्हणाले आणि गाडीकडे चालू पडले. त्यांच्यामागे कोणी गेलं नाही. काकांनी मडकं उघडलं, वाफ आली, पण हात कोणी पुढे करेना. तेव्हा काकाच ओरडले, "खा रे! वालांनी काय केलंय?" मग खाल्लं सगळ्यांनी. नुसता सालं सोलल्याचा आवाज.

त्यानंतर ऑफिसात मेल जायचे ते 'नमस्कार, सोबत बिल जोडले आहे' एवढेच. शेठच्या सकाळच्या चहाची चवच गेली असणार. माझ्या डिस्पॅचला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. काकांना महिनाअखेर कामावरून कायमची रजा दिली आणि मेल बाहेरच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीकडे नेले. आता आमचं टपाल कुठल्या देशात असतं आणि ते कोण चाळतं, कोणाला ठाऊक! धर्मशाळाच शेवटी. जाताना काकांनी सगळं व्यवस्थित समजावून दिलं, यंत्रावरची धूळ पुसली आणि निळ्या चौकड्यांचा रुमाल त्याच्यावर टाकून आले. रंजना रडली. मी नाही रडले, माझं चित्त रिपोर्टवर होतं.

तो दोन दिवसांनी मिळाला. आईला बरोबर नेणं मला शक्य नव्हतं, तिची रिपोर्टची वाट बघण्याची ताकद बाबांच्या वेळीच संपली होती. पेणला गाडीत चढले तर समोर खिडकीशी काका बसलेले. स्वेटर घालून. "पनवेलला काम हाय," म्हणाले. काम कसलं! रिपोर्टचा दिवस मी त्यांना सांगून ठेवला होता. कासूहून माझ्यासाठी बसून आले होते. वाटेत एक शब्द विचारला नाही.

दवाखान्याच्या खिडकीतून लिफाफा हातात पडला. डॉक्टरीणबाईंना यायला अवकाश होता आणि मला तर धीर नव्हता. मी तो फोडला आणि मान वर केली, तर काका भिंतीकडे तोंड करून उभे. दोन्ही हात मागे, बोटं एकमेकांत घट्ट. येणारे-जाणारे बघत होते. मी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. शेवटी बाईंनी आधीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या दोन ओळी होत्या, त्या तिसऱ्यांदा वाचल्या.

"काका, वळा."

"तुजं हाय ते. तू वाच."

"माझं आहे म्हणून तर दाखवतेय. वळा म्हणते ना!"

त्यांचा खांदा धरून मीच त्यांना वळवलं आणि कागद हातात कोंबला. त्यांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. बोट ओळीखाली ठेवून ते हळूहळू वाचत गेले. 'गाठ साधी आहे. कर्करोग नाही.' तिथे बोट थांबलं. आम्ही दोघंही तिथेच बाकावर बसलो आणि मी जी रडले, ती नर्स पाणी घेऊन येईपर्यंत.

काकांनी कागदाची नीट घडी केली, माझ्या हातात परत दिली आणि डोळे पुसत म्हणाले,

"मनी, जन्म टपालात गेला. पन दुसऱ्याचं पत्र मी आज पयल्यांदा वाचलं गो."